बुरशीच्या एका पेशीत दोन केंद्रकं कशाला? (काणी, तांबेरा आणि ढिंगरीच्या निमित्ताने)

करवीरकन्या

उसाची काणी, सोयाबीनचा तांबेरा आणि पाचटावर घेतलेली ढिंगरी अळंबी. कोल्हापूर जिल्ह्यात शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला या तीन गोष्टी ठाऊक असतात. पहिल्या दोन नुकसान करतात, तिसरी चार पैसे देते. पण तिन्ही बुरश्या आयुष्याचा मोठा काळ एकाच पद्धतीने जगतात, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या एकेका पेशीत दोन केंद्रकं शेजारी-शेजारी असतात, एक एका जन्मदात्याकडून आलेलं आणि दुसरं दुसऱ्याकडून. दोघं एकाच घरात राहतात, एकाच वेळी विभागतात, पण मिसळत नाहीत.

माणसात, गाई-म्हशीत, आंब्या-फणसात नर आणि मादीच्या पेशी एक झाल्या की केंद्रकंही लगेच एकजीव होतात. या बुरश्यांमध्ये पेशी एक होतात आणि केंद्रकं थांबतात. ढिंगरीच्या बेडमध्ये ती काही आठवडे थांबतात, जंगलात जमिनीखाली पसरलेल्या जाळ्यात वर्षानुवर्षं. शेवटी बीजाणू धरायची वेळ आली की तेवढ्यापुरती एक होतात आणि लगेच अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) होऊन पुन्हा वेगळी.

पुस्तकात याची व्याख्या असते, दोन मार्कांना विचारतात आणि विषय संपतो. मला हा विषय फार जवळचा आहे, कारण आपल्या भागातला एक मोठा रोग समजून घ्यायची किल्लीच इथे आहे.

काणीचं बघा. रोगट उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा लांब काळा दांडा निघतो, त्यालाच चाबूक म्हणतात. त्या चाबकावरची काळी भुकटी म्हणजे बीजाणू. भुकटीच्या प्रत्येक पिकलेल्या कणात दोन्ही केंद्रकं एक झालेली असतात. कण उसाच्या डोळ्यावर पडला आणि ओल मिळाली की रुजतो, एक आखूड नळी बाहेर येते, तिथे अर्धसूत्री विभाजन होतं आणि चार पेशी तयार होतात, दोन एका प्रकारच्या आणि दोन दुसऱ्या. त्यांना धन आणि ऋण म्हणू. त्यांच्यापासून यीस्टसारख्या कळ्या फुटत राहतात. आणि इथेच खरी गंमत आहे: या एकेकट्या पेशी उसाचं काहीही बिघडवू शकत नाहीत. नुसत्या धन पेशी डोळ्यावर लावल्या तरी काणी येत नाही, नुसत्या ऋण लावल्या तरी नाही. धन आणि ऋण एकमेकींकडे बारीक नळ्या काढतात, जुळतात, आणि त्यातून दोन केंद्रकांचा तंतू निघतो. डोळ्याच्या खवल्यांखालून आत शिरतो तो हाच तंतू. पुढे तो शेंड्याच्या वाढीच्या टोकापाशी जाऊन बसतो आणि काही महिन्यांनी ऊस पोंग्याऐवजी चाबूक काढतो.

प्रयोगशाळेत हे साध्या डोळ्यांनी दिसतं. बशीतल्या बटाट्याच्या माध्यमावर (बुरशी वाढवायच्या खाद्यावर) धन पेशींचा ठिपका ठेवला तर तो गुळगुळीत, ओलसर, मळकट पांढरा राहतो. ऋणचाही तसाच. दोन्ही मिसळून तिसरा ठिपका ठेवला की एक-दोन दिवसांत त्याच्यावर पांढरी शुभ्र लव उभी राहते. ती लव म्हणजे जोडकेंद्रकी तंतू. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बशी खाली ठेवायलाच तयार नव्हते.

कुणाचे प्रश्न असतील तर विचारा. अनुभव असतील तर तेही लिहा.

शिरोळचा ऊसवाला

ताई, लई चांगलं लिवलंय. इतकी वर्षं चाबूक बघतोय, पण आत एवढा कारभार चालतो ह्ये कुणी सांगितलंच न्हाई.

माझा प्रश्न सरळ हाय. धन-ऋण भेटल्याबिगर रोग येत नसंल, तर दोघांतल्या एकाला रानातनं हद्दपार करता येईल का? म्हंजे एकच जात शिल्लक ऱ्हायली की काम संपलं.

दुसरं म्हंजे आमच्याकडं लावणीच्या उसात काणी क्वचित दिसती, पण खोडव्यात, म्हंजे तोडणीनंतर बुडख्यातनं फुटलेल्या उसात, लई. आन् त्याच्याबी पुढं निडवा ठेवला तर विचारूच नगा.

करवीरकन्या

दादा, पहिला प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. दुर्दैवाने तसं करता येत नाही, आणि त्याचं कारण भुकटीच्या कणातच आहे. प्रत्येक कणात धन आणि ऋण दोन्हींचा वारसा असतो. एक कण रुजला की त्याच्याच चार पेशींत दोन धन आणि दोन ऋण निघतात, आणि भावंडंही आपापसात जुळतात. लांबून जोडीदार यायची गरजच पडत नाही. म्हणून एकच कण डोळ्यावर पोहोचला तरी पुरतो. एका चाबकावर असे कोट्यवधी कण असतात, आणि वाऱ्याला शेताचा बांध कळत नाही.

पण जुळणी व्हायच्या आत थांबवणं किंवा आत शिरलेल्याला बेण्यातच मारणं, हे आपल्या हातात आहे. ऊस संशोधन केंद्रं बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया सांगतात, ५४ अंश सेल्सिअसला १५० मिनिटं. ती आत दडलेल्या तंतूसाठीच असते. कांडी बाहेरून कितीही चांगली दिसली तरी डोळ्यात तंतू झोपलेला असू शकतो.

खोडव्याचं असं की लावणीच्या उसात आत शिरलेला तंतू तोडणीनंतर बुडख्यात तसाच राहतो. नवीन फुटवे त्याच बुडख्यातल्या डोळ्यांतून येतात, तंतूला आयतं नवीन टोक मिळतं. शिवाय शेजारच्या चाबकांची भुकटी वर्षभर बुडख्यांवर पडत असते. म्हणून काणी बऱ्यापैकी दिसली असेल तर त्या रानाचा खोडवा ठेवू नका, निडवा तर नकोच.

चाबूक काढायची पद्धतही महत्त्वाची आहे. कोवळ्या चाबकावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो. तो फुटायच्या आत काम झालं पाहिजे. आधी वरून पिशवी घालायची, तोंड बांधायचं, मग कापायचं. नंतर अख्खं बेट मुळासकट उपटून जाळायचं. नुसता चाबूक मोडून सरीत टाकणं म्हणजे आपल्या हाताने पेरणी केल्यासारखं आहे. भुकटी ओल्या जमिनीत लवकर मरते, कोरड्या जागी बरीच टिकते, म्हणून बांधावर टाकलेला चाबूक सर्वात धोक्याचा.

शिरोळचा ऊसवाला

बांधावरच टाकतात सगळे. गड्यांना सांगतो आजच.

आमचे वडील सांगायचे, को ७४० लावायचो तवा काणीनं लई सतावलं हुतं.

सूक्ष्मदर्शी

को ७४० काणीला बळी पडायचा हे खरं आहे. वाण बदलत गेले त्यामागे काणीचाही वाटा होता.

करवीरकन्येच्या लेखनात एक भर घालतो. मी आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी मुलांना एकाच प्रश्नावर अडलेलं पाहिलं. दोन केंद्रकं एका पेशीत आली हे ठीक, पण तंतू वाढताना प्रत्येक नव्या पेशीत दोन्ही प्रकारची एकेक पोहोचतात कशी? तंतू बारीक असतो, केंद्रकं एकामागे एक असतात. साधी भिंत घातली तर पुढच्या पेशीत एकाच प्रकारची दोन जायची शक्यता आहे.

यासाठी या बुरश्यांनी जी रचना केली आहे ती मला सगळ्या जीवशास्त्रातली फार देखणी गोष्ट वाटते. टोकाच्या पेशीत अ आणि ब अशी दोन केंद्रकं आहेत असं धरा. विभाजनाची वेळ आली की पेशीच्या बाजूला एक छोटा आकडा फुटतो आणि मागच्या दिशेला वळतो. ब केंद्रक या आकड्याच्या तोंडाशी येतं. मग दोन्ही एकदमच विभागतात. अ विभागतं तंतूच्या लांबीत, ब विभागतं तिरकं, म्हणजे त्याचं एक पिल्लू आकड्यात जातं आणि दुसरं पुढे तंतूत राहतं. आता दोन भिंती पडतात, एक तंतूत आडवी आणि एक आकड्याच्या बुडाशी. पुढच्या पेशीत अ आणि ब दोन्ही आहेत. मागच्या पेशीत फक्त अ आहे, आणि एक ब आकड्यात अडकलेलं आहे. आकड्याचं टोक मागच्या पेशीला जाऊन चिकटतं, तिथली भिंत विरघळते आणि अडकलेलं ब मागच्या पेशीत उतरतं. झाली दोन्हीकडे जोडी. गावाबाहेरून काढलेल्या वळणरस्त्यासारखी ही वाट कायमची राहते, आणि प्रत्येक भिंतीशेजारी एक छोटा फुगवटा दिसतो. त्यालाच क्लॅम्प म्हणतात.

मथिल्ड बेन्सोड या संशोधक बाईंनी आणि जर्मनीत हान्स क्नीप यांनी १९१८च्या सुमारास, एकमेकांशी संपर्क नसताना, या गटातल्या बुरश्यांना जुळणारा जोडीदार लागतो हे दाखवून दिलं. शंभर वर्षं होऊन गेली.

अळंबीवाली

कागलहून लिहितेय. आमचा बचत गट दोन खोल्यांत ढिंगरी घेतो. काही भाताचा पेंढा, काही उसाचं पाचट.

मागच्या हंगामात एका ठिकाणाहून स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, आणलं होतं. पिशव्या पांढऱ्याशुभ्र भरल्या, पण अळंबी अगदीच तुरळक आली. बायकांची मेहनत वाया गेली, वाईट वाटलं. आता गटातली एक मुलगी म्हणते की चांगल्या अळंबीचे बीजाणू कागदावर पाडून आपणच स्पॉन बनवू. वरचं सगळं वाचल्यावर शंका आली. बीजाणूत तर एकच केंद्रक असणार ना? मग त्यापासून अळंबी येईल का?

करवीरकन्या

ताई, शंका अचूक आहे.

ढिंगरीच्या एका बीजाणूपासून वाढलेल्या जाळ्यात एकाच प्रकारचं केंद्रक असतं. ते जाळं पांढरं दिसतं, पेंढ्यावर पसरतंही, पण सहसा अळंबी देत नाही. त्याला दुसऱ्या, जुळणाऱ्या प्रकारचं जाळं भेटायला हवं. ढिंगरीत हे जुळणं दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या जनुकांवर ठरतं आणि दोन्ही ठिकाणी फरक असावा लागतो. एकाच अळंबीतून पडलेले दोन बीजाणू घेतले तर ते जुळायची शक्यता चारात एक.

कागदावर लाखो बीजाणू पडतात, ते सगळे एकत्र रुजवले तर जोड्या जमतीलच. पण प्रत्येक जोडी वेगळी. कुठली भरघोस येईल, कुठली उशिरा, कुठली वेडीवाकडी, याचा भरवसा नाही. नवीन जात शोधणाऱ्याला हे वैविध्य हवं असतं, विक्रीसाठी घेणाऱ्याला नको.

तुम्हाला हवी आहे तीच जोडी जशीच्या तशी राहणं. त्यासाठी बीजाणू घेऊ नका, अळंबीचा तुकडा घ्या. ताजी, घट्ट, पहिल्या तोड्याची अळंबी हाताने उभी चिरा. देठ आणि छत्री जिथे मिळतात तिथला आतला, हवा न लागलेला गर निर्जंतुक चिमट्याने उचलून माध्यमावर ठेवा. त्या गराच्या पेशींत दोन्ही केंद्रकं आधीच आहेत. त्यातून वाढलेलं जाळं जोडीनेच वाढतं, मग ते गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यावर घ्यायचं.

मागच्या हंगामाचं कारण मात्र पेशीतच असेल असं धरून चालू नका. जाळं भरल्यावर ताजी हवा कमी पडली, उजेड नसला, खोली तापली, तरी पिशव्या पांढऱ्या राहतात आणि अळंबी येत नाही. आधी ते तपासा. खोली ठीक असेल तर स्पॉनमधला थोडा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सरांनी सांगितलेले क्लॅम्प ढिंगरीत स्पष्ट दिसतात. भिंतीमागून भिंत बघत गेलात आणि क्लॅम्प कुठेच नसेल, तर ते जाळं एकट्या केंद्रकाचं आहे.

सूक्ष्मदर्शी

ढिंगरीपुरतं हे चोख आहे. पण बटणला हाच नियम लावू नका. बटण अळंबीच्या तंतूंना क्लॅम्प नसतात आणि एका पेशीत दोनपेक्षा जास्त केंद्रकं असतात. तिच्या बहुतेक बीजाणू धरणाऱ्या पेशींवर चाराऐवजी दोनच बीजाणू येतात आणि प्रत्येकात दोन केंद्रकं जातात. म्हणून तिचा एकटा बीजाणूही बहुतेक वेळा जोडीदार घेऊनच जन्माला येतो.

आणखी एक अपवाद सांगतो. आर्मिलारिया नावाची बुरशी झाडांच्या मुळांवर वाढते. तिच्या जमिनीखालच्या जाळ्यात केंद्रकं एकजीव झालेली असतात, जोडी ठेवतच नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात तिचं एकच जाळं २,३८५ एकरांवर पसरलेलं आहे. म्हणजे जोडीशिवाय एवढं मोठं होता येतं. त्यामुळे जोडी म्हणजे जगण्याची अटच, असं विधान करताना जपून.

बीएस्सी भाग तीन

सर, ताई, मी विद्यार्थी आहे. सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न राहिलाच. एकत्र यायचंच असेल तर थांबायचं कशाला? आमच्या नोट्समध्ये "केंद्रक मीलन लांबणीवर पडते" एवढंच आहे. त्यातून बुरशीला काय मिळतं?

करवीरकन्या

या धाग्यातला सर्वात अवघड प्रश्न तू विचारलास. अभ्यासकांकडे याचं एकच सर्वमान्य उत्तर नाही, पण काही गोष्टी प्रयोगातून नक्की दिसल्या आहेत.

आंब्याच्या वाळक्या फांदीवर पावसाळ्यात छोटी, करड्या-पांढऱ्या केसाळ पाठीची बुरशी येते. खालच्या बाजूला तिच्या कल्ल्यांना (पातळ पट्ट्यांना) मधोमध चीर असते, कोरडं पडलं की त्या चिरा उलगडून कल्ले आत वळतात आणि पाऊस आला की पुन्हा सरळ होतात. पन्हाळ्याच्या वाटेवर, रंकाळ्याच्या आसपास, कुठेही सापडेल. तिचं नाव स्किझोफायलम कम्यून. या विषयातलं पुष्कळसं ज्ञान याच बुरशीने दिलं आहे. तिच्यात नर आणि मादी असे दोनच प्रकार नाहीत, २३,०००हून अधिक आहेत. त्यामुळे अनोळखी जाळं भेटलं तर ते जुळणार हे जवळजवळ ठरलेलंच.

दोन जाळी भेटली की त्यांची केंद्रकं एकमेकांच्या हद्दीत शिरतात. वाटेतल्या भिंती विरघळत जातात आणि केंद्रकं, तंतू वाढतो त्याच्या कितीतरी पट वेगाने, दुसऱ्याच्या अख्ख्या जाळ्यात पसरतात. मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) मात्र जागचे हलत नाहीत. म्हणजे शेवटी दोन्ही बाजूंना केंद्रकांची जोडी तीच, पण मायटोकॉन्ड्रिया आपापले. केंद्रकं वेगळी राहिल्याचा पहिला फायदा इथेच दिसतो. जोडी जमलेल्या जाळ्याला पुढे एखादं एकटं जाळं भेटलं, तर जोडीतलं एक केंद्रक त्यात जाऊन तिथेही संसार मांडू शकतं. बुलर या शास्त्रज्ञाने हे दाखवलं आणि त्याला त्याचंच नाव मिळालं. केंद्रकं एकजीव झाली असती तर हा मार्ग बंद झाला असता.

दुसरी गोष्ट अशी की याच बुरशीत दोन केंद्रकांमधलं अंतर बदललं की काही जनुकांचं काम बदलतं. हवेत वाढणाऱ्या तंतूंत केंद्रकं लांब असतात तेव्हा एक प्रथिन तयार होतं, ती जवळ आली की दुसरं. एकजीव केंद्रकाला असं जवळ-लांब करता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, कारण तिचा भाकरीशी थेट संबंध आहे. ती तांबेऱ्याची.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे पानावरून पानावर उडणारे बीजाणू दोन-दोन केंद्रकांचे असतात. लैंगिक चक्र पुरं करायला त्याला बार्बेरी हे दुसरं झुडूप लागतं, हे डी बॅरी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडे आग्र्याच्या करमचंद मेहतांनी दाखवलं की भारताच्या मैदानात तांबेरा बार्बेरीवर अवलंबून नाही, डोंगराळ भागात उन्हाळा काढून तो दरवर्षी खाली येतो. मग लैंगिक मीलन न होता नवीन जाती येतात कुठून? १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी९९ या जातीने जगभरच्या गहू संशोधकांची झोप उडवली होती. २०१९ मध्ये तिची दोन केंद्रकं जनुकीय पातळीवर वेगवेगळी वाचली गेली. एक केंद्रक आफ्रिकेच्या दक्षिण भागातून आलेल्या एका जुन्या तांबेऱ्याच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. म्हणजे दोन तांबेऱ्यांचे तंतू कुठेतरी गव्हाच्या पानात चिकटले, केंद्रकांची अदलाबदल झाली आणि अख्खं केंद्रक जसंच्या तसं नव्या जोडीदाराबरोबर नांदायला गेलं. अर्धसूत्री विभाजन नाही, बार्बेरी नाही. जोडी सुटी ठेवली होती म्हणूनच हे शक्य झालं.

आपल्या सोयाबीनच्या तांबेऱ्याचे बीजाणूही असेच दोन केंद्रकांचे असतात आणि शेतात तो त्यांच्यावरच पसरतो. कसबे डिग्रजच्या केंद्रातून फुले अग्रणी, फुले संगम यांसारखे वाण आले, त्यांनी कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला हात दिला. पण समोरची बुरशी नवीन जोड्या जमवू शकते, हे लक्षात ठेवून प्रतिकारक वाणांचं काम चालूच ठेवावं लागणार. या कामाला पैसा आणि माणसं कमी पडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

सरांचा आर्मिलारियाचा मुद्दा मान्य. सगळ्यांना जोडी लागतेच असं नाही. पण काणी आणि तांबेरा या आपल्या दोन शत्रूंना ती लागते.

बीएस्सी भाग तीन

यूजी९९चं पहिल्यांदाच वाचलं. सेमिनारला हाच विषय घेतो.

क्लॅम्प स्वतः बघायचा असेल तर कुठून सुरुवात करू? आमच्याकडच्या कायम स्लाइड जुन्या आहेत, काही दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी

कायम स्लाइड बाजूला ठेव. अळंबीवाली ताईंसारख्या कुणाकडून ढिंगरीचं ताजं स्पॉन चिमूटभर आण. माध्यमाच्या बशीत एक दाणा ठेव आणि कडेला एक निर्जंतुक कव्हरस्लिप तिरकी खोचून दे. तीन-चार दिवसांत तंतू काचेवर चढतील. काच अलगद काढ, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगाचा एक थेंब घे आणि ४०च्या भिंगाखाली कडेकडेचे तंतू बघ. मधल्या गर्दीत काही कळणार नाही. आडवी भिंत शोध, क्लॅम्प तिच्या लगेच शेजारी असतो. केंद्रकं या रंगात दिसणार नाहीत, त्यांना वेगळा रंग आणि फ्लुओरेसन्सचा सूक्ष्मदर्शक लागतो. तुझ्या विभागात असेल तर सरांना विचारून वेळ मागून घे.

अळंबीवाली

स्पॉन माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. येताना आमच्या पिशवीतला थोडा तंतू पण घेऊन जा आणि त्यात क्लॅम्प आहेत का ते बघून इथे लिही. पुढची ऑर्डर त्यावरच ठरवते.